नोकरी लावून देणाऱ्याचा पगार

प्रश्न : काका, मी कुडाळजवळच्या गावातली. वय २७, एमएसडब्ल्यू झालंय. तीन वर्षं एका कौशल्य प्रशिक्षण केंद्रात समुपदेशक होते. गावोगाव फिरून मुलं गोळा करायची, त्यांना कोर्स समजावायचा आणि शेवटी नोकरीला लावायचं. पगार १३,५००, त्यातले शेवटचे तीन महिने अजून यायचे आहेत. केंद्र बंद पडलं. आता दोन ठिकाणी बोलणं झालंय. रत्नागिरीतली एक प्लेसमेंट कन्सल्टन्सी १२,००० फिक्स आणि फीच्या १० टक्के इन्सेंटिव्ह देते, टार्गेट महिन्याला पाच जॉइनिंगचं. दुसरी जागा कुडाळातल्याच एका खासगी कॉलेजात प्लेसमेंट समन्वयकाची, १८,००० एकत्रित, अकरा महिन्यांचा करार. आई म्हणते, ‘हयच रव.’ मामा म्हणतात, दोन्ही सोड, स्वतःचं ऑफिस टाक, गल्फला आणि बोटीवर पोरं पाठव, एका पोरामागे लाखभर सुटतात. या कामात नेमका पगार किती असतो, आणि ठरतो कशावर? नेटवर तर लाखांचे आकडे दिसतात. माझ्या ओळखीत तसं कुणाला मिळताना दिसत नाही.
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : नेटवरचे ते आकडे बघून जीव जाळू नकोस. ‘रोजगार सल्लागार’ इंग्रजीत टाकून शोधलंस तर बहुतेक ब्रिटनमधले पगार समोर येतात. तिथल्या जॉबसेंटरमध्ये खुर्चीवर बसलेला माणूस सरकारी नोकर असतो. बेकारभत्ता घ्यायला येणाऱ्याला कामाला लावणं ही त्याची ड्युटी, आणि पगार सरकारी तिजोरीतून. आपल्याकडे त्याच कामाची सहा नावं आहेत : समुपदेशक, मोबिलायझर, रिक्रूटर, प्लेसमेंट ऑफिसर, एचआर एक्झिक्युटिव्ह, आणि गावात सरळ ‘एजंट’. दिवसभराचं काम सगळ्यांचं साधारण एकच. फोन करा, समजूत घाला, मुलाखतीला पाठवा, जॉइन झाला का विचारा, टिकला का विचारा. पगार मात्र सहा तऱ्हेचे, कारण तो देणारे खिसे वेगळे.

मी लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात एकोणीस वर्षं काढली आणि नंतर सात वर्षं चिपळुणात स्वतःची कन्सल्टन्सी चालवली. म्हणजे फी देणाऱ्या टेबलाच्या बाजूलाही बसलोय आणि घेणाऱ्याही. तुझ्या रत्नागिरीच्या ऑफरचा हिशेब म्हणून आधी करू, कारण खरी गंमत तिथे आहे.

भरतीच्या धंद्यात सर्वांत जास्त चालणारा दर म्हणजे ८.३३ टक्के. बारावा हिस्सा. उमेदवाराच्या वर्षाच्या पगारावर ८.३३ टक्के, म्हणजेच त्याचा एक महिन्याचा पगार, कंपनी कन्सल्टन्सीला देते. (बोनसच्या कायद्यातला किमान दरही हाच. एका मालकाने मला मुलाखतीच्या दिवशी ऐकवलं होतं, ‘कामगारालाही आठ पूर्णांक तेहेतीस, तुम्हालाही आठ पूर्णांक तेहेतीस, मग माझं काय?’) आता लोट्यात आयटीआय फिटर १५,००० वर लावलास. वर्षाचे १,८०,०००. फी झाली १५,००० ला सहा रुपये कमी. त्यावर १८ टक्के जीएसटी कंपनी देते खरी, पण तो सरकारचा, कन्सल्टन्सीचा नव्हे. या १५,००० चे १० टक्के तुझे : १,५००.

तेच तू एक क्यूसी केमिस्ट (मालाची गुणवत्ता तपासणारा) २५,००० वर लावलास तर तुला २,५००. प्लँट मॅनेजर महिना लाखावर लावलास तर फी लाख रुपये आणि तुझ्या वाट्याला १०,०००. मॅनेजरसाठी जितके फोन करावे लागतात तितकेच, कधी जास्तच, फिटरसाठी करावे लागतात. फिटरचा फोन लागत नाही, लागला तर आई उचलते, आणि आई म्हणते तो क्रिकेटला गेलाय.

रिक्रूटरच्या पगाराचं गुपित हे एवढंच आहे. तू किती माणसं लावतेस यापेक्षा किती पगाराची माणसं लावतेस यावर तुझं उत्पन्न ठरतं. पुण्या-मुंबईचा रिक्रूटर तुझ्यापेक्षा हुशार असतो म्हणून जास्त कमावत नाही. तो बारा-पंधरा लाखांच्या सॉफ्टवेअरवाल्यांची भरती करतो, एकाच जॉइनिंगवर त्याच्या कंपनीला लाख-सव्वा लाख मिळतात. आपल्या किनाऱ्यावर भरती कशाची? लोटे, महाड, रोह्याचे केमिकल कारखाने, तारकर्ली-मालवणची हॉटेलं, काजू आणि मासळी प्रक्रियेचे युनिट, हॉस्पिटलं, शोरूम. यात केमिकल सोडलं तर पंचवीस हजारांच्या वरच्या जागा बोटावर मोजण्याइतक्या.

आता टार्गेट. पाच जॉइनिंग म्हणजे पाच फिटर धर. फी ७५,०००, तुझे ७,५००, एकूण १९,५००. कागदावर छान दिसतं. पण करारात ‘रिप्लेसमेंट’ नावाची ओळ असते. बहुतेक कंपन्या नव्वद दिवसांची घालतात. त्या आत उमेदवार सोडून गेला तर दुसरा फुकट द्यायचा, नाहीतर फी परत.

हे नव्वद दिवस कोकणात कसे जातात ते तुला मी सांगायला नको, तरी सांगतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा किनाऱ्यावरची पोरं मोकळी असतात आणि कामाला पटकन ‘हो’ म्हणतात. १५ जूनला जॉइन केलेल्या पोराचे नव्वद दिवस १३ सप्टेंबरला भरतात. मधे १ ऑगस्टला बोटी समुद्रात जातात आणि तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, त्याच्या घरी उचल घेऊन येतो. त्यातून उरला तर चतुर्थी. गणपतीला गेलेला मुलगा गौरी विसर्जनानंतर परत आला तर समजायचं देव पावला. एका वर्षी मी एका कंपनीत जूनमध्ये नऊ पोरं लावली होती आणि सप्टेंबरअखेर त्यातली चार उरली. पाच रिप्लेसमेंट मी दिवाळीपर्यंत फेडत होतो. त्या काळात माझ्याकडे कामाला असलेल्या मुलीला मी इन्सेंटिव्ह काय दिलं असेल? काही नाही. आज त्याची लाज वाटते. तिने फोन केले होते, पोरांना गाडीत बसवलं होतं, तिचं काम तिने पूर्ण केलं होतं. पण मी तिच्या करारात इन्सेंटिव्ह कधी ‘पिकतं’ हे लिहिलंच नव्हतं, आणि न लिहिलेलं सगळं मालकाच्या बाजूने जातं.

म्हणून त्या ऑफर लेटरात १० टक्के हा आकडा शेवटी बघ. आधी तीन गोष्टी शोध. इन्सेंटिव्ह जॉइनिंगला मिळणार, नव्वद दिवसांनी मिळणार की कंपनीने बिल भागवल्यावर? कंपन्या ४५ दिवसांपासून चार महिन्यांपर्यंत बिल लटकवतात, मी स्वतः लटकवलेलं आहे. दुसरं, उमेदवार पळाला तर तुझ्या पुढच्या इन्सेंटिव्हमधून वसुली होणार का? आणि तिसरं, टार्गेट चुकलं तर फक्त इन्सेंटिव्ह जाणार की फिक्सलाही कात्री? ‘पाचच्या खाली काहीच नाही’ असा स्लॅब असेल तर चार जॉइनिंगच्या महिन्यात तुझ्या हाती बाराच हजार. रिक्रूटरांचं सर्वांत जास्त नुकसान याच ओळीत होतं.

या १२,००० बद्दलही एक. दुकानं आणि आस्थापनांना किमान वेतन लागू असतं, आणि त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. सध्याच्या तक्त्यात तुझी श्रेणी कुठली आणि फिक्स रक्कम त्याच्या खाली तर जात नाही ना, हे कामगार कार्यालयात विचार. लाजू नकोस, दुसऱ्यांना नोकरी लावणाऱ्या माणसाला हे विचारता आलंच पाहिजे.

मालकाची बाजूही बघ, म्हणजे बोलताना हात कुठे ठेवायचा ते कळेल. तू पाच लावलेस तर त्याच्याकडे ७५,००० आले आणि तुझ्यावर वीसेक हजार गेले. धंद्यातला जुना आडाखा असा की रिक्रूटरने आपल्या खर्चाच्या तिप्पट आणावं, कारण ऑफिसभाडं, नोकरीच्या पोर्टलचं सबस्क्रिप्शन, बिल थकलेले महिने, सगळं त्यातून निघतं. पाचच्या हिशेबाने तो खुशीत आहे. पण दोनच टिकले तर ३०,००० आले आणि १५,००० तुझ्यावर गेले. त्याला तीच भीती आहे, म्हणून फिक्स कमी ठेवलंय. ती भीती तू कमी करू शकलीस तर फिक्स वाढेल. कशी, ते पुढे.

सरकारी बाजू थोडक्यात. पूर्वीचं सेवायोजन कार्यालय, म्हणजे आताचं जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र, सिंधुदुर्गातही आहे आणि रत्नागिरीतही. तिथल्या कायम माणसाला सातव्या आयोगाने वेतन मिळतं. साध्या लिपिकाचं मूळ वेतनच १९,९०० पासून सुरू होतं आणि वर मूळ वेतनाच्या निम्म्याहून जास्त महागाई भत्ता. म्हणजे तुझ्या दोन्ही ऑफर तिथल्या लिपिकाच्या खाली बसतात. पण जागा मोजक्या, परीक्षा देऊन जायचं, आणि मधल्या काळात जी कंत्राटी पदं निघतात त्यांना वेतन नसतं, ‘मानधन’ असतं. मानधन म्हणजे ठोक रक्कम, भत्ता नाही, वाढ नाही. जाहिरातीत हे दोन शब्द बघून घ्यायची सवय लाव. आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून कुणी तुला कार्यालयात बसवतो म्हणालं तर तो पगार नव्हे, विद्यावेतन आहे : पदवीधराला महिना १०,०००, तेही ठरावीक मुदतीपुरतं. तीन वर्षं काम केलेल्या मुलीने तिकडे जायचं काही कारण नाही.

प्रशिक्षण केंद्रात तुझे तीन पगार का अडकले हे तुला कुणी सांगितलं का? अशा योजनांत सरकार संस्थेला पैसे हप्त्याहप्त्याने देतं, आणि पुढचे हप्ते मुलं नोकरीला लागली, टिकली, त्यांच्या पगाराच्या पावत्या जमा झाल्या यावर सुटतात. पडताळणी अडली की हप्ता अडतो, हप्ता अडला की संस्था सगळ्यात आधी तुमचा पगार अडवते, जागेचं भाडं नव्हे. त्यामुळे अशा संस्थांमध्ये कागदावरचा पगार १५,००० असो की २०,०००, वर्षाकाठी प्रत्यक्ष किती महिन्यांचा मिळाला तो खरा पगार. थकलेल्या तीन महिन्यांसाठी नेमणूकपत्र, हजेरी आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन ओरोसला सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज दे. संस्था बंद झाली म्हणून देणं बंद होत नाही.

कॉलेजच्या जागेबद्दल माझं मत फार चांगलं नाही, पण वाईटही नाही. १८,००० ठरलेले, घरचं जेवण, खोलीभाडं नाही. रत्नागिरीत खोली आणि डबा धरून सात-आठ हजार सहज जातील, म्हणजे तिकडचे १९,५०० इकडच्या बारा हजारांइतके. आईचं गणित अगदी बरोबर आहे. अकरा महिन्यांचा करार मात्र विचारून घे. बारावा महिना बिनपगारी की एका दिवसाचा ब्रेक देऊन पुन्हा नेमणूक? पीएफ कापणार की नाही? आणि कॉलेजात प्लेसमेंटवाल्याचा पगार तू किती मुलं लावलीस याने वाढत नाही. पन्नास लावलीस तरी १८,०००, पाच लावलीस तरी १८,०००. शिवाय प्रवेशाच्या मोसमात तुला दहावी-बारावीच्या मुलांच्या याद्या देऊन फोनवर बसवतील. ते लिहून घेता येत नाही, पण मनात धरून जा.

आता मामा. मामांचं वय आणि मान राखून सांगतो, हे करू नकोस. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करायला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली केंद्र सरकारची नोंदणी लागते. त्याशिवाय भरती केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. ‘आम्ही फक्त पुढे पाठवतो, परवाना मुंबईवाल्याचा’ हे चालत नाही. नोंदणी असलेल्या एजंटलाही उमेदवाराकडून सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. मग लाख सुटतात ते कुठून? आणि बोटीचं तर आणखी स्पष्ट आहे. मर्चंट नेव्हीत खलाशी भरणाऱ्या कंपनीला डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्राच्या जहाज वाहतूक महासंचालनालयाचा, आरपीएसएल परवाना लागतो, आणि खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घ्यायलाच बंदी आहे. फी जहाजमालकाने द्यायची. आमच्या गावातला एक मुलगा चार लाख देऊन गेला होता. त्याला एका बंदरातल्या जुन्या टगवर सोडलं, सात महिने पगार नाही, पासपोर्ट कप्तानाकडे. त्याच्या बापाने कलमांची बाग गहाण टाकली होती. ज्याने पैसे घेतले तो गावातलाच, मुलाच्या नात्यातला. शिमग्याला त्याच्या दारात पालखी थांबली तेव्हा कुणी बाहेर आलं नाही.

परवाना असलेल्या आरपीएसएल कंपनीत नोकरी करणं ही मात्र वेगळी आणि चांगली गोष्ट. त्या ऑफिसांत ‘क्रूइंग’ खातं असतं, खलाशांची कागदपत्रं, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक), मेडिकल, जॉइनिंगची तारीख सांभाळणारं. ऑफिसं मुंबई-नवी मुंबईत, पगार आपल्याकडच्या प्लेसमेंटपेक्षा बरा, कारण फी देणारा जहाजमालक आहे. रत्नागिरी-दापोलीच्या घराघरांतला माणूस बोटीवर असल्याने आपल्या मुलींना त्या कुटुंबांशी बोलता येतं. पुढेमागे विचार कर.

कंत्राटी कामगार पुरवणाऱ्यांकडेही समन्वयक लागतात. ते माणसामागे दर महिन्याला सर्व्हिस चार्ज घेतात, त्यामुळे तुझा पगार वेळेवर येतो. पण काम हजेरी, पीएफचे कामगाराचे १२ आणि मालकाचे १२, ईएसआयचे तसेच पाऊण आणि सव्वातीन टक्के जुळवण्याचं. तुला पोरांशी बोलायला आवडतं असं पत्रावरून दिसतं, तिथे कंटाळशील. दहावीच्या मुलांच्या कलचाचण्या घेणं हा मे-जूनचा धंदा, आणि त्याला मानसशास्त्राची पदवी असलेली बरी.

मग भाव कशाने वाढतो? माझ्या अनुभवात दोनच गोष्टींनी. एक, एखादा अवघड कोपरा आपला करणं. लोट्यात सगळे फिटर-हेल्पर पुरवतात. परवानाधारक बॉयलर अटेंडंट, एडीआयएस हा औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा झालेला सेफ्टी ऑफिसर, ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट चालवू शकणारा माणूस हवा असेल तर एचआरवाले रात्री नऊला फोन करतात. अशा तीसेक माणसांची यादी ज्याच्या वहीत आहे, कोण कुठे आहे, कोणाच्या घरी म्हातारे आईवडील म्हणून तो महाडच्या पलीकडे जाणार नाही, कोणाचं मॅनेजरशी बिनसलंय, त्या माणसाचा पगार टार्गेटवर ठरत नाही. बीएस्सी केमिस्ट्री आणि केमिकल डिप्लोमा यांतला फरक ज्या रिक्रूटरला प्लँटवाल्याच्या भाषेत सांगता येतो, तिला कंपनी थेट नाव घेऊन बोलावते.

दुसरी गोष्ट तुझ्याकडे आत्ताच असायला हवी. तीन वर्षांत तू लावलेल्या मुलांपैकी सहा महिन्यांनी किती जण कामावर होते? कन्सल्टन्सीच्या मालकाची झोप उडवणारा आकडा हाच, त्यामुळे त्याच्यासमोर ठेवायचा आकडाही हाच. लावलेल्यांची संख्या सगळे फुगवून सांगतात, टिकलेल्यांची कुणी ठेवत नाही. चार दिवस घरी बस, जुने फोन नंबर काढ, प्रत्येकाला फोन कर. नाव, गाव, कंपनी, जॉइनिंगची तारीख, सोडल्याची तारीख आणि कारण. हा कागद घेऊन रत्नागिरीला जा आणि सांग : फिक्स १६,०००, इन्सेंटिव्ह पहिल्या जॉइनिंगपासून, निम्मं जॉइनिंगला आणि निम्मं नव्वद दिवसांनी, वसुली नाही. लोट्याच्या फेरीचा खर्च वेगळा, कारण रत्नागिरीहून जाऊन येऊन दोनशे किलोमीटरच्या वर होतं आणि तो खर्च इन्सेंटिव्हमध्ये धरतात. सगळं पगारपत्रकावर, पीएफसकट. ‘तुला फ्रीलान्सर दाखवू’ म्हणाले तर उठून ये. व्यवसायकराची काळजी नको, २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना महाराष्ट्रात २०२३ च्या एप्रिलपासून तो माफ आहे.

त्यांनी १६,००० मान्य केले तर मी रत्नागिरी घेईन, दोन वर्षांसाठी. फी कशी ठरते, बिल कसं वसूल होतं, कंपनीचा एचआर नकार देताना काय लपवतो, हे कॉलेजात बसून कळत नाही आणि पुढचा प्रत्येक पगार त्या माहितीवर वाढतो. बारावरच अडून बसले तर कॉलेज घे, आईजवळ राहा, आणि संध्याकाळी ती बॉयलरवाल्यांची वही सुरू कर.

ऑफर लेटरचं पहिलं पान तू पत्राला जोडलं आहेस, त्यावर खाली ‘अटी मागील पानावर’ असं छापलंय. मागचं पान पाठव. त्यावर सही झाली नसेल अशी आशा करतो.